उतारवयाचें ताट



लहान मुलास काय खावयास द्यावें याविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. बाळंतिणीच्या आहाराचें तर आपल्या आजीबाईंनीं एक शास्त्रच करून ठेविलें आहे. परंतु साठी उलटलेल्या माणसाच्या ताटांत काय असावें, याचा विचार घरांत क्वचितच होतो. "त्यांना आतां भूक तरी कितीशी असते!" एवढें म्हणून तो विषय संपविला जातो. मी स्वतः साठी ओलांडलेला एक निवृत्त शिक्षक असून, पैठण रस्त्यावरील चितेगांव या गांवीं राहतों. आमच्या भागांतील वडीलधाऱ्या माणसांचें जेवण कसकसें बदलत गेलें, त्यांत काय गमावलें, काय मिळालें, आणि आज घरोघर काय करतां येईल, एवढेंच आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

माझ्या बालपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, आमच्याकडील म्हाताऱ्या माणसाचें मुख्य अन्न ज्वारी हें होतें. थंडीच्या दिवसांत बाजरी येई. गहूं हा सणावारीं येणारा पाहुणा. सकाळीं भाकरीचा तुकडा ताकाबरोबर, दुपारीं ताजी भाकरी, तुरीचें वरण किंवा हुलग्याचें माडगें, अंबाडीची अगर पाथरीची भाजी, तोंडीं लावावयास जवसाची किंवा कारळाची चटणी, आणि रात्रीं ज्वारीच्या कण्या, असा साधारण क्रम असे. तेल घाण्याचें, बहुधा करडईचें. दांत पडले म्हणून भाकरी सुटत नसे. ती ताकांत, दुधांत अगर वरणांत कुस्करली जाई. कण्या, आंबील, माडगें हे सारे पदार्थ मऊ, ओलसर व पचावयास सोपे. दांत नसलेल्या माणसाची सोय पाहूनच ते कोणीं योजले असावेत, असें वाटतें.

या ताटाची खुबी एकेका पदार्थांत नव्हती, ती त्यांच्या जोडणींत होती. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें दहा ग्रॅम प्रथिनें असतात. परंतु लायसीन नांवाचा जो घटक शरीरास लागतो, तो तींत कमी असतो. तो डाळींत भरपूर असतो. म्हणजे भाकरी व वरण हीं एकमेकांचें उणें भरून काढतात. ताकानें चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरविलें. पालेभाजीनें लोह व चोथा दिला. जवसानें हृदयास हितकर अशी चरबी दिली. हें रसायन त्या म्हाताऱ्यांस ठाऊक नव्हतें, पण त्यांच्या ताटास तें ठाऊक होतें.

तथापि जुनें तें सारें सोनें, असें मी म्हणणार नाहीं. त्या घरांत म्हातारी बहुधा सर्वांमागून जेवी, आणि उरलेंसुरलें खाऊन उठे. कांहीं समाजांतील विधवांच्या वांट्यास तर वर्षानुवर्षें एकभुक्त राहणें येई. पाऊस रुसला कीं ताटच रिकामें होई. १९७२ च्या दुष्काळांत परदेशांतून आलेल्या मिलो नांवाच्या लाल ज्वारीवर आणि दुष्काळी कामांवर मिळणाऱ्या सुकडीवर लोकांनीं दिवस काढले, तें शाळकरी वयांत मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. भारतांत १९४१ ते १९५१ या दशकांत सरासरी आयुर्मान अवघें बत्तीस वर्षांचें होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. लहान मुलांचे मृत्यु कमी झाले, हें त्याचें मोठें कारण खरें. पण म्हातारपणापर्यंत पोंचणारीं माणसेंहि त्यामुळें वाढलीं. घरोघर आजी-आजोबा असणें ही काळाची देणगी आहे. म्हणूनच त्यांच्या ताटाचा प्रश्न पूर्वींपेक्षां आज मोठा आहे.

आतां बदल कसा झाला तो पाहूं. पहिला पाहुणा आला तो चहा. १९३० नंतरच्या दशकांत चहाच्या प्रचारकांनीं गांवोगांव फुकट पेले वांटून त्याची गोडी लाविली. पुढें तो इतका रुजला कीं सकाळच्या ताकाची जागा त्यानेंच घेतली. दुसरा बदल पाण्यानें केला. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली, व १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं त्याचें उद्घाटन केलें. पाणी आलें ही मोठीच गोष्ट. पण त्याबरोबर ऊंस आला, मोसंबीच्या बागा वाढल्या, कापूस पसरला, आणि घरच्या ज्वारीची व जवसाची पट्टी आक्रसली. तिसरा बदल रेशनच्या दुकानानें केला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य गटाच्या कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा पांच किलो धान्य मिळूं लागलें. २०२३ पासून तें मोफत झालें. यामुळें उपासमार टळली, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु आमच्याकडे तें धान्य मुख्यतः गहूं व तांदूळ या रूपानें आलें. एकेकाळीं ज्वारी गरिबाची आणि गहूं श्रीमंताचा असे. २०२३-२४ च्या हमीभावांत मालदांडी ज्वारी क्विंटलला ३२२५ रुपये, तर पुढील रब्बी हंगामाचा गहूं २२७५ रुपये! गरिबाची भाकरी महाग झाली, आणि सणाची पोळी रोजची झाली.

चवथा बदल कारखान्यांच्या भोंग्यानें केला. १९८० नंतरच्या काळांत पैठण रस्त्यावर उद्योग आले. आमच्या चितेगांवांतहि दूरचित्रवाणीचे संच तयार होऊं लागले. घरांतील तरुण माणसें पाळीवर जाऊं लागलीं. भाकरी ही तव्यावरून ताटांत पडावी अशी वस्तु. डब्यांत ती कडक होते. पोळी मात्र सकाळीं लाटून ठेवतां येते. सून सकाळीं सात वाजतां पोळ्या करून कामावर गेली, म्हणून तिला कोणी दोष देऊं नये. पण दुपारीं एक वाजतां घरांत एकटा असलेला म्हातारा ती गार, चिवट पोळी चावूं शकत नाहीं. तो काय करतो? चहा ठेवतो आणि पोळी त्यांत बुडवितो. पुढें पोळीहि जाते. तिची जागा टोस्ट, खारी अगर बिस्कीट घेतें. शहरांतील सुशिक्षित घरांतहि थोड्याफार फरकानें हेंच चित्र दिसेल.

उपवासाचीहि गोष्ट अशीच आहे. आमच्या भागांत एकादशी पाळणारीं वृद्ध माणसें पुष्कळ. त्यांच्या श्रद्धेविषयीं मला आदर आहे. परंतु ज्यास आपण परंपरेचा फराळ म्हणतों, त्यांतील बटाटा, रताळें, शेंगदाणा, मिरची हे सारे पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अमेरिका खंडांतून आपल्याकडे आले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोहि तिकडचाच, आणि सेलमकडे त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतर. म्हणजे परंपरेनेंहि आपलें ताट वेळोवेळीं बदललेंच आहे. मग साबुदाण्याच्या निव्वळ पिठूळपणाऐवजीं राजगिरा, दूध, दहीं व शेंगदाण्याची आमटी अधिक घेतली, तर कोणतें पुण्य उणें होणार आहे?

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. वय वाढलें म्हणजे भूक कमी होते हें खरें. पण गरज त्या मानानें कमी होत नाहीं. हालचाल कमी झाल्यानें जळण थोडें कमी लागतें, एवढेंच. शरीराची डागडुजी मात्र अधिक लागते. पन्नाशीनंतर स्नायु हळूहळू झिजूं लागतात. पाय थरथरणें, पाटावरून उठतांना हात टेकावा लागणें, न्हाणीघरांत तोल जाऊन खुब्याचें हाड मोडणें, यांस आपण "वय झालें" असें म्हणतों. पण त्यांत पुष्कळदां ताटाचाहि दोष असतो. जीभ व नाक मंदावल्यानें अन्न बेचव लागतें आणि मीठ वाढतें. तहान मंदावल्यानें पाणी पिण्याचें राहून जातें. जठरांतील आम्ल कमी झाल्यानें बी-१२ हें जीवनसत्त्व नीट शोषलें जात नाहीं. शाकाहारी माणसास तें दुधादह्यांतूनच काय तें मिळतें, आणि तेंच बंद झालें तर हातापायांस मुंग्या येणें व विसराळूपणा यांसारख्या तक्रारी सुरू होऊं शकतात.

उतारवयांत वजनाच्या दर किलोमागें एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनें रोज मिळावींत, असें आजचे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजीबाईंस पन्नास ते साठ ग्रॅम. दोन कप चहा, चार टोस्ट आणि रात्रीं पातळ आमटी-भात एवढ्यावर दिवस गेला, तर त्यांतून निम्मींहि मिळत नाहींत. उलट दोन लहान भाकऱ्यांतून बारा, दोन वाट्या घट्ट वरणांतून चवदा, पेलाभर दुधांतून सहा, वाटीभर दह्यांतून तीन-चार, मूठभर शेंगदाण्याच्या कुटांतून सात, आणि चालत असल्यास एका अंड्यांतून सहा ग्रॅम, अशी बेरीज केली तर आपण पन्नासाच्या जवळ पोंचतों. यांत परदेशांतून आणावयाची अगर डब्यांतून विकत घ्यावयाची एकहि वस्तु नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. आजारी म्हाताऱ्यांस घरांत जें पथ्य सांगितलें जातें, तें बहुतेक वेळां नकारांची यादी असतें. मधुमेह म्हणून भात बंद, रक्तदाब म्हणून लोणचें बंद, हृदय म्हणून तूप बंद, दांत नाहींत म्हणून शेंगदाणे बंद. सारें बंद केल्यावर चालू काय, हें कोणी सांगत नाहीं, आणि मग चहा तेवढा चालू राहतो! ज्वारी हेंहि मधुमेहावरील औषध नव्हे. तिनेंहि रक्तांतील साखर वाढते. मात्र तिच्यांतील चोथ्यामुळें ती पांढऱ्या भाताच्या मानानें सावकाश वाढते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचें प्रमाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. बी-१२ ची तपासणीहि त्यांच्याच सल्ल्यानें करून घ्यावी.

मग घरांत काय करावें? भाकरीचा हट्ट नको. भाकरीचा गुण हवा. सकाळीं भाकरी शक्य नसेल तर ज्वारीच्या कण्या शिजवून ठेवाव्या. ताकांत कालवून त्या दुपारीं चमच्यानें खातां येतात. पोळीच ठेवावयाची असेल, तर ती कोरडी न ठेवतां वरणांत शिजवून ठेवावी. मुगाचें धिरडें, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी, तिळाची बारीक चटणी हीं दांत नसलेल्यांसहि चालतात. एकदांच भरपूर न वाढतां दिवसांतून चार-पांच वेळां थोडथोडें द्यावें. चहा सोडावा असें मी सांगणार नाहीं, कारण मीहि तो सोडलेला नाहीं. पण तो जेवणाबरोबर घेतल्यास अन्नांतील लोह शरीरांत नीट मुरत नाहीं, म्हणून जेवणापासून तासभर दूर ठेवावा. पाण्याचा तांब्या हाताशीं भरून ठेवावा.

आणि शेवटची गोष्ट. एकट्या माणसास अन्न गोड लागत नाहीं. पूर्वींच्या घरांत दारिद्र्य होतें, पण म्हाताऱ्याच्या ताटाशेजारीं नातवाचें ताट असे. तें शेजारपण आज रोज शक्य नसेल, तर निदान रात्रीचें एक जेवण सर्वांनीं बरोबर करावें. ज्यांचे आईवडील गांवीं राहतात, त्या मुलामुलींनीं दूरध्वनीवर "जेवलांत का?" असें विचारणें सोडून द्यावें. त्या प्रश्नास प्रत्येक आई "हो, जेवलें" असेंच उत्तर देते. लेकराच्या जिवास घोर लागूं नये म्हणून चहाबिस्किटासहि ती जेवणच म्हणते. त्याऐवजीं "आज काय काय जेवलांत?" असें विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. त्यांत वरण आहे का, दहीं आहे का, दुसरी भाकरी आहे का, याकडे लक्ष द्यावें. तें नसेल, तर पुढच्या खेपेस घरीं जातांना मिठाईच्या पुड्याऐवजीं किलोभर मुगाची डाळ नेऊन ती स्वतः शिजवून वाढावी.