तार चावते तेव्हा



कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ साली विजेवर आला. चांगले झाले. पण वीज आली, की तिच्याबरोबर सावधगिरीही यावी लागते.

आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या कलमांच्या बागेला रुळांच्या कडेने तारेचे कुंपण आहे. खांब लाकडाचे. पुष्कळ वर्षे त्या कुंपणाने कोणाला त्रास दिला नाही. रेल्वेची वीज सुरू झाली, त्यानंतर एके दिवशी सूनबाई तिथे ओले कपडे वाळत घालायला गेली. ती परत आली आणि म्हणाली, "मामंजी, तार चावते."

आम्ही हसलो. चाळीस वर्षे मास्तरकी केलेली ना! मग आम्ही स्वतः हात लावला. हाताला झिणझिण्या आल्या. हसणे तिथेच थांबले.

रेल्वेची तार तर कुंपणाला लागली नव्हती. मग वीज आली कोठून?

चुलीला हात न लावताही तिची धग लागते ना? तसेच हे आहे. रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. आपल्या घरातल्या दिव्याला २३० पुरतात. एवढ्या दाबाची तार जवळून गेली, की शेजारच्या लांब लोखंडात न शिवताही वीज येते. लोखंड जमिनीला नीट जोडलेले असेल, तर ती जमिनीत निघून जाते. यालाच अर्थिंग म्हणतात. जोडलेले नसेल, तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत उतरते.

आम्ही स्टेशनमास्तरांना कळवले. रेल्वेच्या माणसांनी येऊन कुंपण जमिनीला जोडून दिले. आता तार चावत नाही.

रेल्वेच्या खांबापासून रुळाला गेलेली लोखंडी पट्टी तुम्ही पाहिली असेल. भंगारात तिचे चार पैसे येतील. पण ती काढू नका. खांबात वीज उतरली, तर पट्टीवाटे ती रुळात जाते आणि पुरवठा आपोआप बंद पडतो. पट्टी नसेल, तर खांबच जीव घेईल.

एवढे लक्षात ठेवा. वरच्या तारेच्या दोन मीटरच्या आत जाऊ नका. आंबे काढायची घळ, शिडी, पाइप उभे धरून रूळ ओलांडू नका. ओल्या बांबूतूनही वीज वाहते. खांबाला गुरे बांधू नका, कपड्यांची तार बांधू नका. तार तुटून पडली तर लांब राहा, इतरांना लांब ठेवा आणि लगेच स्टेशनवर किंवा १३९ या नंबरावर कळवा.

सूनबाईचे आम्ही आधीच ऐकायला हवे होते. तुमच्या घरी कोणी "तार चावते" म्हणाले, तर हसू नका. आमच्यासारखा हात लावूनही पाहू नका.