दोन अंगणांचे एक चित्र
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपले पूर्वज मागाची विद्या घेऊन तेलंगणातून सोलापुरास आले. १८७७ साली येथे जुनी गिरणी निघाली, पुढे हा ओघ वाढला आणि शहराचा पूर्व भाग विणकरांच्या वस्तीने भरून गेला. घरात तेलुगू, शाळेत व बाजारात मराठी, असा आपला संसार चालत आला आहे. अशा घरातील मुलाच्या हाती कुंचला आला, तर त्याने काय काढावे? या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिले. ते आज आपणांपुढे कबूल करावयाचे आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आश्विन महिन्यात, आम्ही चौथीच्या वर्गास 'भोंडला' हा विषय चित्रासाठी दिला. एका विणकराच्या मुलीने पाटावरचा हत्ती काढला आणि त्याच्या पाठीवर अंबारीच्या जागी बतकम्मा ठेवली! तरवड, कुरडू, झेंडू अशा फुलांचे थरावर थर. आम्ही म्हणालो, "हे घरचे घरी. येथे नुसता हत्ती काढ." तिने निमूटपणे फुले खोडून टाकली.

आम्ही स्वतः तेलुगू घरातले. आमच्या मातोश्रीही दरवर्षी बतकम्मा रचीत. मग ती फुले आम्हांस का खुपली? आपण चारचौघांत परके दिसू, ही भीती त्यामागे होती.

वस्तुतः मुलीचेच बरोबर होते. दोन्ही सण नवरात्राच्याच सुमारास येतात. दोहोंतही मध्ये मांडणी करून मुलीबाळी फेर धरतात व गाणी म्हणतात. हे साम्य शिक्षकास दिसले नाही, नऊ वर्षांच्या मुलीस दिसले.

आपल्या धंद्याकडेच पाहा. चादरीवरचा मोर प्रथम चौकटीच्या कागदावर उतरतो, मग पुठ्ठ्यांस भोके पडतात आणि जेकार्डाच्या साहाय्याने तो मागावर उमटतो. ही युक्ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघाली. पण त्या चादरीस आज कोणी परकी म्हणत नाही, सोलापुरीच म्हणतात.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे, की येत्या नवरात्रात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि 'हे आपले, ते त्यांचे' अशी रेघ त्यात ओढू नये. ती मुलगी आज कोठे आहे, आम्हांस ठाऊक नाही. तिच्या मुलांच्या चित्रातील फुले कोणा शिक्षकाने खोडावयास लावू नयेत, एवढीच भगवान मार्कंडेयांच्या चरणी प्रार्थना.