माउंटपासून सुरुवात: व्हिडिओसाठी परवडणारा कॅमेरा आणि त्याच्या लेन्स

व्हिडिओसाठी लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेताना एकाच वेळी दोन गोष्टी निवडल्या जातात, बॉडी आणि माउंट. जाहिरात बॉडीची असते, म्हणून लक्ष तिच्याकडे जाते. माउंट ही बॉडीच्या तोंडाशी असलेली धातूची कडी. कोणती लेन्स बसेल, तिचा फोकस आपोआप चालेल की हाताने फिरवावा लागेल, हे ती कडी आणि तिच्यावरचे विद्युत-संपर्क ठरवतात. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते आणि तिची पुनर्विक्रीची किंमत झपाट्याने उतरते. नीट सांभाळलेली लेन्स मात्र वीस-तीस वर्षे काम देते. हाती पैसे मोजके असतील, तर आधी माउंट, मग लेन्स आणि शेवटी बॉडी हाच क्रम हिताचा ठरतो. दुकानात बहुतेक खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते.

हा सगळा बाजार अलीकडचा आहे. ऑगस्ट २००८ मध्ये निकॉनच्या डी ९० या एसएलआर कॅमेऱ्यात व्हिडिओची सोय पहिल्यांदा आली. चित्र ७२० ओळींचे, आवाज मोनो आणि सलग चित्रणाची मर्यादा पाच मिनिटांची. पुढच्याच महिन्यात कॅननचा ५डी मार्क टू जाहीर झाला. त्याचे चित्र १०८० ओळींचे होते आणि सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरील चौकटीपेक्षाही मोठा. तोवर हौशी व्हिडिओ कॅमेऱ्यांचे सेन्सर नखाएवढे असत. रेखीव चेहरा आणि त्यामागे विरघळलेली पार्श्वभूमी हवी असेल, तर सिनेमाचा कॅमेरा भाड्याने आणावा लागे. ५डी मार्क टू सुरुवातीला सेकंदाला फक्त ३० चौकटी टिपत असे. २४ आणि २५ चौकटींची सोय २०१० मध्ये नव्या फर्मवेअरने आली आणि त्याच वर्षी ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग या कॅमेऱ्यावर चित्रित झाला. २०१४ मध्ये पॅनासॉनिकच्या जीएच४ या मिररलेस कॅमेऱ्याने कार्डावरच फोर-के चित्रण आणले. आज साध्या किमतीच्या बॉडीतही फोर-के असते, त्यामुळे निवडीचा निकष म्हणून त्याचा फारसा उपयोग उरलेला नाही.

माउंटचा विचार मिलिमीटरमध्ये करावा लागतो. प्रत्येक माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटचे ४४ मिमी, निकॉन एफचे ४६.५, सोनी ई चे १८, मायक्रो फोर थर्ड्सचे १९.२५. जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर बसते, कारण उरलेली जागा ॲडाप्टरच्या पोकळ नळीने भरता येते. उलट दिशेने हे जमत नाही. आरसा काढून टाकल्यामुळे मिररलेस बॉडींचे अंतर कमी झाले आणि १९५९ पासूनच्या निकॉन एफ लेन्स किंवा १९८७ पासूनच्या कॅनन ईएफ लेन्स त्यांच्यावर वापरता येऊ लागल्या. स्वस्त व्हिडिओचित्रणाला याहून मोठी मदत दुसऱ्या कशाचीही झालेली नाही.

चुकीच्या माउंटची किंमत काय असते, हे कॅननच्या ईएफ-एम ने दाखवून दिले. २०१२ मध्ये आलेले हे माउंट दहा-अकरा वर्षांत बंद झाले. त्याचे अंतर १८ मिमी, कॅननच्या नव्या आरएफ माउंटचे २० मिमी. दोन मिलिमीटरच्या या फरकामुळे ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर कोणत्याही साध्या ॲडाप्टरने बसत नाहीत. ईएफ-एम माउंटची एम ५० सारखी बॉडी आज सेकंड हँड स्वस्तात मिळते, पण तिच्यासाठी घेतलेली लेन्स पुढच्या बॉडीवर जाणार नाही, हे धरूनच तिचा हिशेब मांडावा लागतो. याउलट मायक्रो फोर थर्ड्स हे पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी २००८ मध्ये मिळून उभारलेले माउंट अजून चालू आहे, आणि पहिल्या वर्षीची लेन्स २०२४ च्या जीएच७ वरही बसते. सोनीने ई माउंटचा मूळ तपशील २०११ मध्ये इतर कंपन्यांना खुला केला; सिग्मा आणि टॅमरॉनच्या परवडणाऱ्या लेन्सची तिथे रेलचेल आहे ती त्यामुळे. कॅननने आरएफ माउंटवर ही मुभा २०२४ मध्ये दिली आणि तीही छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरती. कमी खर्चात सुरुवात करणाऱ्याने आज सोनी ई किंवा मायक्रो फोर थर्ड्स यांपैकी एक धरावे. घरात आधीच कॅननच्या ईएफ लेन्स असतील, तरच आरएफ बॉडी आणि ॲडाप्टर ही जोडी सरस ठरते.

सेन्सरच्या आकाराबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, ५० मिमीची लेन्स जेवढा देखावा दाखवते, तेवढा त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर साधारण ३३ मिमीची आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिमीची लेन्स दाखवते. सेन्सर मोठा असेल तर अंधारात चित्र स्वच्छ राहते आणि पार्श्वभूमी अधिक धूसर होते, हे खरे. त्याबरोबर लेन्स मोठी, जड आणि महाग होते, हेही तितकेच खरे. माहितीपट, मुलाखती, पाककृती, नाटकांचे चित्रण या कामांना एपीएस-सी पुरेसा आहे. तो सिनेमाच्या पारंपरिक ३५ मिमी चौकटीच्या जवळचाच आकार आहे.

बॉडी निवडताना नंतर दुरुस्त न होणारे दोष आधी तपासायचे. बाहेरचा माइक जोडायची ३.५ मिमीची जागा नसेल, तर ती बॉडी बाजूला ठेवावी. हेडफोनची जागाही हवी. माइकची बॅटरी संपल्याचे घरी गेल्यावर कळले, तर ती मुलाखत पुन्हा मिळत नाही. दुसरा दोष फोर-के मधल्या कापाकापीचा. काही बॉडी फोर-के साठी सेन्सरचा मधला भागच वापरतात. एम ५० मध्ये हा क्रॉप इतका मोठा आहे की तिची १५ मिमीची किट लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने ३८ मिमीसारखी वागते, आणि लहान खोलीत कॅमेरा ठेवायला जागाच उरत नाही. शिवाय कॅननचे नावाजलेले ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस तिच्या फोर-के मध्ये चालत नाही. सोनी झेडव्ही-ई१० सेकंदाला ३० चौकटींवर १.२३ पट क्रॉप करते, २५ चौकटींवर मात्र सेन्सरची पूर्ण रुंदी वापरते. भारतात २५ चौकटींचीच चाल असल्याने इथल्या ग्राहकाला हा दोष जाणवत नाही. तिचा खरा दोष रोलिंग शटरचा आहे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने आणि हळू वाचला जातो, त्यामुळे कॅमेरा झटकन वळवला की विजेचे खांब तिरपे दिसतात. बॉडीतच सेन्सर स्थिर ठेवण्याची सोयही तिच्यात नाही. चालत चित्रण करायचे तर कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल लागतो.

ऑटोफोकस एकट्याने काम करणाऱ्यासाठी निर्णायक असतो. पॅनासॉनिकचे जी७, जी८५ आणि जीएच५ किमतीच्या मानाने भरघोस देतात, पण त्यांचा ऑटोफोकस चित्रणात मागेपुढे हेलकावतो. फेज-डिटेक्शनवर चालणारा भरवशाचा ऑटोफोकस पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स कॅमेऱ्यांत २०२३ च्या एस५ टू पासून आला. जिथे माणूस खुर्चीत बसलेला आहे आणि फोकस हातानेच लावायचा आहे, तिथे जुना जीएच५ आजही उत्तम सौदा आहे, कारण तो १०-बिट रंग नोंदवतो. ८-बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १०-बिटमध्ये १,०२४. एकूण छटा सुमारे १ कोटी ६८ लाखांवरून १०७ कोटींवर जातात. साध्या चित्रात हा फरक दिसत नाही. लॉग प्रोफाइलमध्ये टिपलेले फिके चित्र एडिटिंगमध्ये ताणले की संध्याकाळच्या आकाशात पट्टे उमटतात, तेव्हा तो दिसतो. म्हणून ८-बिट बॉडीवर लॉग वापरण्यापेक्षा कॅमेऱ्यातलेच सौम्य प्रोफाइल वापरून उजेड नेमका मोजणे चांगले.

उष्णतेचा मुद्दा परदेशी परीक्षणांत थोडक्यात येतो, इथे तो मोठा आहे. बहुतेक बॉडींच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल तापमानमर्यादा ४० अंश दिलेली असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. छोट्या बंदिस्त बॉडी सलग फोर-के घेताना सावलीतही बंद पडू शकतात. तासाभराचे कीर्तन किंवा सभा चित्रित करायची असेल, तर पंखा असलेली बॉडी, नाहीतर १०८० वर चित्रण, हे दोनच भरवशाचे मार्ग आहेत. जुन्या बॉडींवर २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादाही असते. ३० मिनिटे किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र युरोपीय जकातीत व्हिडिओ कॅमेरा गणले जाई, म्हणून उत्पादकांनी ती घातली होती.

भारतातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० हे गणित दोन कारणांनी जमते: हालचाल डोळ्याला सहज वाटेल इतकी धूसर होते आणि ट्यूबलाइटची फडफड चित्रात उतरत नाही. आता शटर १/५० वर बांधले गेले, म्हणजे उजेड आवरायला ॲपर्चर आणि आयएसओच उरले. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ २२ लागते. एफ २.८ ठेवायचे तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागतो, म्हणजेच ६४ पट कमी करणारा एनडी फिल्टर. लॉगमध्ये किमान आयएसओ अनेकदा ५०० ते ८०० असतो, तिथे तर नऊ स्टॉपपर्यंत जावे लागते. फिरवून कमीजास्त करता येणारा एनडी सोयीचा असतो, पण स्वस्त काच रुंद लेन्सवर चित्रात काळी फुली उमटवते. लेन्सच्या तोंडांचे व्यास वेगवेगळे असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच चांगला फिल्टर आणि बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंगा घेतल्या की खर्च एकदाच होतो.

लेन्समध्ये फोटोसाठी चालणारे सगळेच गुण व्हिडिओत चालत नाहीत. झूम करताना ॲपर्चर एफ ३.५ वरून ५.६ वर जाणारी किट लेन्स चालू चित्रणात प्रकाश बदलते. फोकस फिरवताना देखावा आत-बाहेर सरकणे आणि मोटरचा खरखराट माइकमध्ये शिरणे हे दोन दोष फोटोत कधी कळत नाहीत. प्रकाश बदलण्यावर उपाय म्हणजे सगळीकडे एफ २.८ राखणारी झूम. एपीएस-सी साठी सिग्माची १८-५० आणि टॅमरॉनची १७-७० या लेन्सनी तो मध्यम किमतीत आणला. सिग्माची वजनाने अगदी हलकी आहे, छोट्या गिंबलवर सहज पेलते. टॅमरॉनमध्ये कंपन रोखण्याची सोय आहे, जी स्थिरीकरण नसलेल्या बॉडीला फार उपयोगी पडते. रात्रीच्या कामाला सिग्माची ३० मिमी एफ १.४ पुरेशी आहे. एक झूम आणि एक प्राइम (झूम न होणारी लेन्स), एवढ्यावर बरीच वर्षे काम होते.

याहून कमी खर्चाची वाट जुन्या मॅन्युअल लेन्सची. सोव्हिएत हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २, हिचे ॲपर्चर टप्प्यांशिवाय सरकते आणि फोकसची कडी लांबवर फिरते. हाताने फोकस ओढण्यासाठी हे दोन्ही गुण नव्या लेन्समध्ये पैसे मोजून घ्यावे लागतात. एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्सवर फुल फ्रेमची लेन्स वापरताना ०.७१ पट आकुंचन करणारा स्पीड बूस्टर लावला, तर ५० मिमी एफ १.४ ची सुमारे ३५ मिमी एफ १ होते. देखावा रुंदावतो आणि एक स्टॉप उजेड वाढतो.

जुन्या लेन्सचा शत्रू बुरशी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळी हवेत ती काचांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. विकत घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून एका टोकाने टॉर्च मारावी आणि दुसऱ्या टोकाने तिरपे पाहावे. थोडी धूळ चालते. धागे दिसले तर लेन्स घेऊ नये. चांगली लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून ४०-५० टक्के आर्द्रतेवर राखावी. चामड्याच्या पेटीत ती पावसाळाभर कोंडून ठेवू नये.

बॉडीला एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त द्यायचे नाही, असे आधीच ठरवले तर उरलेल्या गोष्टी बसतात. फोर-के चित्र सेकंदाला १०० मेगाबिट दराने नोंदले, तर तासाला ४५ जीबी भरतात. ६४ जीबीच्या कार्डात सुमारे ८५ मिनिटे मावतात. त्या दराला व्ही ३० खुणेचे कार्ड पुरते, अधिक महागडे नको. दोन जास्तीच्या बॅटऱ्या, कपड्याला लावायचा माइक, जड आणि सफाईदार चालीचे डोके असलेला ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर ही खरेदी बॉडीबरोबरच व्हावी. त्यासाठी बॉडी एक पिढी जुनी घ्यावी लागली, तरी बेलाशक घ्यावी.