पचनसंस्थेची परिभाषा आणि रुग्णाची भाषा

पोटाच्या तक्रारींविषयी बोलण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव कधीच नव्हती. मळमळ, उमासे, करपट ढेकर, मुरडा, गुबारा, जळजळ, कळ, आव, ढाळ, बद्धकोष्ठ हे शब्द घराघरांत रुळलेले आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द एका ठरावीक अनुभवाला नेमके नाव देतो. ज्या अवयवांत हे अनुभव उत्पन्न होतात त्यांच्या नावांची स्थिती मात्र अगदी उलट आहे. छातीखालच्या श्वासपटलापासून जांघेपर्यंतच्या साऱ्या प्रदेशाला व्यवहारात 'पोट' हा एकच शब्द पुरतो. त्यामुळे 'पोटात दुखते' या वाक्यात जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, आतडी यांपैकी कोणताही अवयव अभिप्रेत असू शकतो. ही पोकळी भरून काढणे हे पचनसंस्थेच्या मराठी परिभाषेचे खरे काम होय.

घास गिळल्यानंतर तो घशाच्या मागील पोकळीतून, म्हणजे ग्रसनीतून, सुमारे 25 सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत उतरतो. नलिकेच्या भित्तीतील स्नायू वरून खाली क्रमाक्रमाने आकुंचन पावतात, म्हणून या हालचालीला क्रमसंकोच असे नाव आहे. अन्न पुढे सरकते ते याच हालचालीमुळे, केवळ स्वतःच्या वजनाने ते खाली पडत नाही. अन्ननलिका ज्या पिशवीत उघडते ती जठर होय. संस्कृतात 'जठर' हा शब्द एकंदर पोटासाठीही वापरला जाई, परंतु परिभाषेने त्याचा अर्थ या एका पिशवीपुरता मर्यादित केला. रूढ शब्दाला असे कुंपण घालणे हा परिभाषा घडवण्याचा एक उत्तम मार्ग आहे, कारण शब्द ओळखीचा राहतो आणि अर्थ पक्का होतो.

जठरानंतर लहान आतडे लागते. ते लहान म्हटले जाते ते रुंदीमुळे. त्याची लांबी सुमारे 6 मीटर भरते, तर मोठे आतडे जेमतेम दीड मीटर लांबीचे असते. लहान आतड्याच्या तीन भागांची नावे विशेष अभ्यसनीय आहेत. पहिला भाग बारा बोटांच्या रुंदीइतका लांब असल्याचे निरीक्षण इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील हेरोफिलस या ग्रीक वैद्याने नोंदवले आणि त्यावरून त्याला 'बारा बोटांचा' असे नाव पडले. ग्रीकमधून अरबीत आणि अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये उतरत गेलेले हेच नाव आज 'ड्युओडेनम' या रूपात जगभर वापरले जाते. मराठीने ते मोजमाप न स्वीकारता स्थान सांगणारे 'आद्यांत्र' हे नाव दिले, आणि त्याच्या जोडीला आयुर्वेदातील 'ग्रहणी' हेही चालू ठेवले. दुसऱ्या भागाला 'जेजुनम' म्हणतात. मृत शरीरात तो बहुधा रिकामा आढळत असल्याने त्याला लॅटिनमध्ये हे 'रिकामे' अशा अर्थाचे नाव मिळाले, आणि मराठीतील 'रिक्तांत्र' हा त्याचाच अनुवाद आहे. उरलेला भाग तो शेषांत्र. सामान्य वाचकाला या नावांतून काही ना काही बोध होतो. लॅटिन न जाणणाऱ्या विद्यार्थ्याला मूळ नावांतून तो होत नाही, हा या मराठी नावांचा मोठा गुण मानला पाहिजे.

प्राचीन शब्द नव्या शरीरशास्त्रात आणताना मात्र फार सावध राहावे लागते, आणि त्याचे उदाहरण ग्रहणीच्या शेजारीच सापडते. सुश्रुतसंहितेत आमाशय आणि पक्वाशय यांच्या मध्ये ग्रहणीचे स्थान सांगितले आहे, म्हणजे पचलेले अन्न जेथे जाते तो पक्वाशय ग्रहणीच्या पुढे येतो आणि आयुर्वेदाचे अभ्यासक तो सामान्यतः मोठ्या आतड्याशी जुळवतात. आधुनिक काळातील काही लेखनात मात्र हेच 'पक्वाशय' नाव जठराला लागून असलेल्या पहिल्या भागाला दिलेले दिसते. ग्रहणी हा शब्द तर अवयवाचाही वाचक आहे आणि रोगाचाही. 'क्लोम' या अवयवाविषयीचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. चरकसंहितेने कोष्ठांगांत त्याची गणना केली आहे, परंतु तो स्वादुपिंड, पित्ताशय, श्वासनलिका की आणखी काही, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. म्हणून आजच्या परिभाषेने त्या शब्दावर भार न टाकता मराठीत 'स्वादुपिंड' आणि हिंदीत 'अग्न्याशय' हे शब्द पत्करले, हे योग्यच झाले. जठराच्या मागे आडवी असलेली ही ग्रंथी एकीकडे आद्यांत्रात पाचकरस सोडते आणि दुसरीकडे रक्तात इन्सुलिन सोडते, या दोन्ही कामांचा उलगडा तिच्या कोणत्याच नावातून होत नाही.

नाव चुकीच्या अवयवावर बसले तर उपचारही चुकतात, हे आंत्रपुच्छाच्या इतिहासावरून दिसते. मोठ्या आतड्याचा आरंभ एका बंद पिशवीने होतो. ती उंडुक होय, आणि तिला चिकटलेली बोटासारखी बारीक नळी म्हणजे आंत्रपुच्छ, ज्याला सर्वत्र अॅपेंडिक्स म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बहुतेक वैद्य पोटाच्या उजव्या खालच्या भागातील तीव्र वेदनेचे मूळ उंडुकात आहे असे समजत आणि रोगाला नावही उंडुकावरूनच देत, त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार क्वचितच होई आणि अनेक रुग्ण दगावत. बॉस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञ रेजिनल्ड फिट्झ यांनी 1886 मध्ये अनेक रुग्णांच्या नोंदी तपासून रोगाचे मूळ आंत्रपुच्छात असल्याचे दाखवले, त्याला नवे नाव दिले आणि आंत्रपुच्छ त्वरित काढून टाकण्याचा आग्रह धरला. त्यानंतर ही शस्त्रक्रिया वेगाने रूढ झाली. नुसत्या नावाने प्राण वाचले असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल, तरी योग्य नावाने शल्यचिकित्सकाची दृष्टी योग्य जागी वळवली, हे निर्विवाद आहे.

अवयवांच्या नावांचा गोंधळ युरोपातही मोठा होता. 1895 मध्ये बाझेल येथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन एका अवयवाची अनेक नावे बाद केली आणि लॅटिन नावांची एक सर्वमान्य यादी तयार केली. महाराष्ट्रात वैद्यकाला देशी भाषेत आणण्याचा प्रयत्न याच्या कितीतरी आधी झाला होता. मुंबईत 1826 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकशाळेत मराठी व गुजराती भाषांतून शिक्षण देण्याचा उपक्रम होता, पण ती शाळा 1832 मध्ये बंद पडली आणि 1845 च्या ग्रँट मेडिकल कॉलेजात इंग्रजीने जागा घेतली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर वाई येथील मराठी विश्वकोशाने आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांनी हा खंडित धागा पुन्हा जोडला. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही लक्षणे एकत्र आणणाऱ्या विकारासाठी अवयवाच्या नावाला 'शोथ' हा प्रत्यय लावून जठरशोथ, यकृतशोथ, आंत्रपुच्छशोथ अशी नावांची एक सुसंगत मालिका उभी राहिली, आणि शोथाचा जुना अर्थ केवळ सूज असा असल्याने विश्वकोशात त्यापुढे 'दाहयुक्त सूज' असा खुलासा दिला गेला. एकदा प्रत्यय कळला की वाचक नवे नाव स्वतः उलगडू शकतो. यकृतशोथ आणि कावीळ यांतील भेदही अशाच काटेकोरपणाने स्पष्ट होतो. कावीळ हे रक्तातील पित्तरंजक वाढल्याचे लक्षण आहे, ते यकृतशोथात दिसते, तसेच पित्तखड्याने पित्तनलिका बंद झाली तरीही दिसते.

या परिभाषेची सर्वांत कठीण कसोटी 'पित्त' या शब्दापाशी लागते. आयुर्वेदात पित्त हा त्रिदोषांपैकी एक आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि आद्यांत्रात येऊन स्निग्ध पदार्थांच्या पचनाला साहाय्य करणारा पिवळसर हिरवा रस. तो प्रतिदिनी अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि आम्ल नसून किंचित अल्कधर्मी असतो. तिसरा अर्थ घरगुती आहे. 'पित्त झाले' असे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर चढल्याने होणारी जळजळ अभिप्रेत असते, आणि ते आम्ल यकृताचे नसून जठराच्या भित्तीतील ग्रंथींनी तयार केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल असते. चौथा अर्थ 'अंगावर पित्त उठणे' या प्रयोगातला, ज्याचा संबंध त्वचेतील हिस्टामीन या द्रव्याशी असून पचनसंस्थेतील पित्तरसाशी त्याचे काही नाते नाही. चारही अर्थ आपापल्या जागी वैध आहेत, परंतु तपासणीच्या खोलीत रुग्णाने एक अर्थ मनात धरला आणि डॉक्टरांनी दुसरा घेतला तर औषधाची दिशाच बदलते.

म्हणून वैद्यकाच्या शिक्षकांनी आणि तरुण डॉक्टरांनी रुग्णाचे शब्द अशास्त्रीय ठरवून झटकून टाकू नयेत, तर 'पित्त' म्हणजे नेमके काय होते, कोठे होते, जेवणाआधी की नंतर, असे विचारून त्या शब्दामागचा अनुभव काढून घ्यावा, आणि निदान सांगताना अवयवाचे मराठी नावही सांगावे. रुग्णांनीही आपल्या तक्रारीला स्वतः नाव न देता तिचे वर्णन करावे. विशेषतः छातीत दडपण येऊन घाम सुटत असेल आणि कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, तर ते पित्त समजून घरी सोडा किंवा आम्लरोधक गोळी घेत वेळ दवडू नये. ती हृदयविकाराची लक्षणे असू शकतात, आणि अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.