जुन्या स्पोर्ट्स मोटारीची दुरुस्ती

जुनी वस्तु हातीं आली म्हणजे मनुष्य प्रथम तिचा वरचा पृष्ठभाग घासूं लागतो. पितळेची समई असो, शिसवी पेटी असो, किंवा उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार असो; आधीं चकाकी आणि मग बाकीचें, हाच सर्वसाधारण क्रम. समईच्या बाबतींत या क्रमानें फारसें बिघडत नाहीं. मोटार मात्र ताशीं साठ मैलांच्या वेगानें धांवते, आणि तिच्यांत माणसें बसलेलीं असतात. म्हणून तिच्या दुरुस्तीचा क्रम उलटा असावा लागतो: जें डोळ्यांना दिसत नाहीं तें आधीं, आणि जें दिसतें तें सर्वांत शेवटीं.

या नियमाचें उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील एम्. जी. बी. ही मोटार. १९६२ सालीं ॲबिंग्डन येथील कारखान्यांतून ती बाहेर पडूं लागली. १९८० सालीं तिचें उत्पादन थांबलें आणि तो कारखानाहि बंद झाला. या अठरा वर्षांत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. चार सिलिंडरांचें १७९८ घनसेंटिमीटर क्षमतेचें इंजिन, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम, अशी तिची रचना. ती इतकी सरळ आहे कीं, पान्यांचा साधा संच आणि थोडा धीर जवळ असल्यास पुष्कळशीं कामें घरच्या अंगणांत होतात. मात्र हाच सोपेपणा कधीं कधीं मालकाला गाफीलहि करतो.

या गाडीला निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. टप उघडें असल्यामुळें वरून आधार मिळत नाहीं, आणि अंग ताठ ठेवण्याचें काम मुख्यतः दारांखालच्या पोकळ पेट्यांवर येऊन पडतें. या पेट्यांना सिल म्हणतात. पत्र्याचे एकाहून अधिक थर जोडून त्या केलेल्या असतात. चाकांनीं उडविलेलें पाणी, चिखल आणि इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवर टाकलें जाणारें मीठ त्यांच्या आंत सांचतें, आणि गंज आंतून बाहेर येतो. कुजलेल्या सिलावर नवा पत्रा चढवून वर रंग दिला, तर पाहणाऱ्याला कांहींच कळत नाहीं. पण टक्कर झाली असतां तो पत्रा कागदासारखा दुमडतो.

यावर एक सोपी परीक्षा आहे. गाडी जॅकनें उचलावी आणि दाराच्या कडेची फट पाहावी. फट वरच्या बाजूस अरुंद झाली, किंवा दार अडकूं लागलें, तर अंग मधोमध वांकत आहे असें निश्चित समजावें. सिल बदलतांनाहि सावधगिरी हवी. जुना पत्रा कापण्यापूर्वीं दाराच्या जागेंत लोखंडी आधार बसवून अंग पक्कें धरावें लागतें. तसें न केल्यास गाडी खचलेल्या आकारांतच जोडली जाते, आणि मग तिचीं दारें कधींच नीट लागत नाहींत. १९८८ सालापासून जुन्या साच्यांवर या मोटारीचीं संपूर्ण नवीं अंगेंहि इंग्लंडांत तयार होऊं लागलीं. तेव्हां कुजकें अंग रंगानें झांकण्यास सबब उरलेली नाहीं.

यानंतर ब्रेक. ब्रेकमधील द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. उताराच्या रस्त्यावर ब्रेक तापले म्हणजे त्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल पोकळ लागूं लागतें. जुनी रबरी नळी आंतून फुगली, तर पाय काढल्यावरहि चाक धरलेलेंच राहतें. आरंभीच्या गाड्यांत चारहि चाकांचे ब्रेक एकाच नळमार्गावर असत. एका ठिकाणीं गळती लागली कीं सगळेच निकामी. म्हणून अनेक वर्षें उभी असलेली गाडी हातीं आली, तर इंजिन सुरूं करण्याची उत्सुकता आवरून आधीं रबरी नळ्या व द्रव बदलावा.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीज देण्यासाठीं प्रत्येक बाजूस तीन तोंडें आहेत. दर तीन हजार मैलांनीं दोन मिनिटांचें हें काम केलें, तर किंगपिन वर्षानुवर्षें टिकतात. न केलें तर झिजतात, आणि गाडी सरळ रेषेंत राहीनाशी होते. चाक उचलून, वर आणि खालीं धरून हलवून पाहावें. तें डुललें, तर दुसऱ्यानें ब्रेक दाबावा. डुलणें थांबलें तर दोष बेअरिंगचा. न थांबलें तर किंगपिनचा.

आतां इंजिन. तें नीट चालेनासें झालें कीं दोष बहुधा कार्ब्युरेटरला दिला जातो, आणि त्याचे स्क्रू फिरविले जातात. खरें पाहतां कार्ब्युरेटरची पाळी शेवटीं यावी. प्रथम व्हॉल्व्हची फट: इंजिन थंड असतांना पंधरा सहस्रांश इंच. येथें नऊची युक्ति उपयोगी पडते. व्हॉल्व्ह आठ, आठवा पूर्ण उघडा असतां पहिल्याची फट मोजावी, सातवा उघडा असतां दुसऱ्याची, दोहोंची बेरीज नेहमीं नऊ. मग डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट, आणि मग ठिणगी पडण्याची वेळ. एवढें झाल्यावर पुष्कळदां कार्ब्युरेटरला हात लावण्याचें कारणच उरत नाहीं. उरलेंच, तर त्यांतील पिस्टन उचलून सोडावा. तो अडखळल्याविना खालीं येऊन ‘टक्’ असा आवाज करील, तर तो निर्दोष आहे.

काळानें इंधनहि बदललें आहे. २००० सालीं ब्रिटनमध्यें आणि भारतांतहि शिसें घातलेल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. तें शिसें जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकींना झिजण्यापासून वांचवीत असे. म्हणून आतां कठीण धातूच्या बैठकी बसवितात. पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतें व चिरा पाडतें, आणि भारतांत हें मिश्रण २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. या मोटारींत कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्या इंजिनच्या एकाच बाजूस, एकावर एक आहेत. तेथें पेट्रोलचा एक थेंबहि गळतां कामा नये. इथेनॉल सोसणारी नवी नळी थोडक्या पैशांत मिळते. पेटलेली गाडी कोणत्याहि किंमतीला परत मिळत नाहीं.

हीं सर्व कामें झालीं, त्यांच्या तारखा वहींत लिहिल्या गेल्या, आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश ब्रेक पारखून गाडी सुखरूप घरीं आली, म्हणजे मग मालकानें मऊ फडकें घ्यावें आणि क्रोमियमचा मुलामा हवा तितका घासावा. तोपर्यंत धूळ तशीच राहिली, तरी बिघडत नाहीं.