हिमप्रदेशातील शिकार आणि कायदा



आर. के. पुरमच्या या सरकारी वसाहतीत, जेथे पौषातले धुके दाटले की समोरची इमारतही दिसेनाशी होते, बर्फातल्या शिकारीचा विषय काढणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे परदेशी थंड मुलखांत स्थायिक झाली आहेत, आणि तेथे शिकार हा राजमान्य छंद आहे. अमेरिकेतील मिनेसोटात शिकाऱ्यास रीतसर परवाना काढावा लागतो, बंदूक घेऊन हरिणामागे जाताना नारिंगी किंवा गुलाबी रंगाचे भडक वस्त्र ल्यावे लागते, आणि गोठलेल्या तळ्यावर पायी उतरण्यापूर्वी बर्फ निदान चार इंच जाड असल्याची खातरजमा करावी, असे तेथील सरकार बजावते.

आपल्याकडे हौसेच्या शिकारीस मुळी मुभाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेली शिकारीची व्याख्या इतकी व्यापक आहे की सापळा लावणे, किंबहुना तसा नुसता प्रयत्न करणे, हीदेखील शिकारच ठरते. स्वतः हा कायदा मोडत नसलेल्या मनुष्याने स्वसंरक्षणार्थ प्राणी मारला तर तो गुन्हा नव्हे. मात्र मेलेले जनावर सरकारजमा होते! लडाखात हा केंद्रीय कायदा ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. तत्पूर्वी तेथे जम्मू-काश्मीरचा १९७८ चा स्वतंत्र कायदा अंमलात होता.

त्या लडाखातच 'शांगदोंग' नावाचे दगडी खड्डे आहेत. त्यांच्या भिंती वर आत झुकलेल्या, तळाशी रुंदावलेल्या असतात. आत जिवंत मेंढरू बांधावे, भुकेल्या लांडग्याने उडी घ्यावी, त्याला वर चढता येऊ नये, आणि मग गावकऱ्यांनी त्यास धोंड्यांनी ठेचावे, असा तो प्रघात. क्रौर्य खरेच, पण ज्याची वर्षाची मिळकत एका रात्रीत फस्त झाली, त्या मेंढपाळास केवळ कलमे वाचून दाखवणे हेही मला शहाणपणाचे वाटत नाही. चुशुल गावाने २०१८ साली जो मार्ग काढला तो म्हणूनच मोलाचा: तेथील लोकांनी आपले खड्डे समूळ पाडले नाहीत, वाडवडिलांची वास्तू म्हणून ते राखले, काही दगड हलवून सापडलेल्या प्राण्यास बाहेर पडण्याची वाट करून दिली आणि शेजारी स्तूप उभारला. मेंढवाड्यावर लाकडी तुळया टाकून वरून तारेची जाळी ताणली, म्हणजे हिमबिबट्यालाही आत उतरता येत नाही. कडाक्याच्या थंडीत पहारा करण्यापेक्षा तो बंदोबस्त पुष्कळ खात्रीचा.

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळजण मंत्रालयांतून कारभार पाहतात. अशा जाळ्यांच्या अनुदानाची किंवा मेलेल्या मेंढरांच्या नुकसानभरपाईची मिसल कधी तुमच्या मेजावर आली, तर खिंडी बर्फाने बंद होण्यापूर्वी ती निकालात काढा, एवढीच माझी विनंती आहे.