कोपऱ्यातली सही
(सोयगावातल्या पोरांपुढे केलेले भाषण)



मी चित्रकार नाही. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. पण मी उचलतो त्या खोक्यांवर चित्रं असतात. काचेचा पेला, उघडी छत्री, वर तोंड केलेले दोन बाण. फुटेल, भिजवू नको, उलटं ठेवू नको. कुठल्याही मुलखाच्या हमालाला कळतं. इंग्रजांच्या काळात विलायती कापडाच्या गठ्ठ्यांवर देवादिकांची रंगीत तिकिटं चिकटवून यायची. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाने छाप ओळखावी म्हणून. धंद्याचं चित्र ते हेच. दुसऱ्याचा माल आपल्या हाताने खपवायचा. लाजायचं काय त्यात? हमालीही तीच.

तुमच्या तालुक्यात अजिंठा आहे. सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेवाचं नाव कोरलंय. तो वाकाटकांचा प्रधान. भिंत रंगवली त्याचं नाव? नाही. पुढे 1872 पासून ग्रिफिथ्ससाहेबाने मुंबईच्या जे. जे.तली पोरं आणून तिथे नकला काढून घेतल्या. वर्षानुवर्षं ती पोरं लेण्यांतल्या अंधारात बसली. 1896 साली ग्रंथ निघाला, नाव ग्रिफिथ्सचं. हात एकाचा, नाव दुसऱ्याचं. हे आपल्याला नवीन आहे का?

म्हणून सांगतो, हात आहे एवढ्यावर भागत नाही. 1957चा कॉपीराइट कायदा वाचा. पैसे देऊन कुणी तुमच्याकडून चित्र रंगवून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसलं, तर 17व्या कलमाने हक्क पैसेवाल्याचा. नोकरीत काढलं तर मालकाचा. म्हणून आधी कागद करा, मग ब्रश बुडवा. हक्क लिहून दिला आणि मुदत घातली नाही, तर 19वं कलम ती पाच वर्षं धरतं. आणि 57वं कलम पाठच करा: हक्क विकला तरी हे चित्र माझं आहे, हे सांगायचा हक्क विकला जात नाही.

दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं तुमच्या आज्याने पाहिली असतील. कोपऱ्यात सही असायची. 1945 साली त्यांनी स्वतःचं ‘दीपावली’ काढलं. दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं!

आत शिरायचं कसं? एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा द्या. जिल्ह्याच्या गावी सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. निवडक दहा-बारा चित्रांची फाइल करा, पन्नास नकोत. बालभारतीचं जुनं पुस्तक उघडा. आत चित्रकारांची नावं छापलेली असतात. कोण काम करतं ते तिथे कळतं. फिल्मी हिरोंची तोंडं पुरे झाली. कापूस वेचणारी बाई काढा, एसटीत चढणारी गर्दी काढा. पुस्तकवाल्याला तेच लागतं, आणि ते तुम्ही रोज बघता.

आता घरचं बोलतो. फ्लेक्स आला आणि वस्तीतल्या पेंटरचा ब्रश वाळला. तरी जयंतीला भिंतीवर बाबासाहेब काढायला त्यालाच हाक मारतात. डीजेवाल्याला रोख पैसे, पेंटरला चहा. वर म्हणायचं, समाजाचं काम आहे! डीजेवाला काय परक्या समाजाचा असतो?

आपली मासिकंही यातून सुटत नाहीत. संपादक इथेच पुढे बसलाय. त्याला म्हणालो, माझ्या कवितेचं नंतर बघू, आधी मुखपृष्ठवाल्या पोराचे पैसे दे, आणि त्याची सही कापून छापू नको. तो अजून काही बोललेला नाही.